बढतीआधी एक रात्रपाळी

संपादक महोदय,

वीज कंपनीचा प्रमुख अभियंता असावा की व्यवस्थापनवाला, हा वाद जुनाच. टाटा पॉवरचे प्रवीर सिन्हा मूळचे विद्युत अभियंते. 2018 मध्ये इथली सूत्रे हाती घेण्याआधी ते याच समूहाच्या दिल्लीतल्या वितरण कंपनीचे प्रमुख होते. 2002 मध्ये खासगीकरण झाले तेव्हा तिथली निम्म्याहून अधिक वीज गळती, चोरी आणि थकबाकीत जात होती. पुढे ते प्रमाण एक आकडी झाले. श्रेय एकट्याचे नव्हे, पण असा अनुभव कॉलेजात मिळत नाही.

माझी हयात केबल विभागात गेली. भर पावसात दादरच्या हिंदमाता चौकात खड्ड्यातले पाणी उपसायचे, मेगर (केबलचे इन्सुलेशन तपासायचे मीटर) लावायचा, काटा शून्यावर बसला की केबल गेली समजायचे. तेवढ्यात वरून फोन, ‘अजून किती वेळ?’ ओल्या केबलवर जॉइंट मारून भागत नाही हे ज्याला ठाऊक, तो साहेब पुन्हा फोन करत नसे. बाकीच्यांबद्दल न बोललेले बरे.

तेव्हा व्यवस्थापकपदाच्या बढतीआधी पावसाळ्यातली एक रात्रपाळी फॉल्टच्या गाडीवर सक्तीची करावी. एमबीएवाल्यांनाही.

– एक निवृत्त अभियंता, परळ