औषधाच्या नावाची शेपटी वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रक्तदाबावर छापून येणाऱ्या मजकुरात दोन सल्ले हमखास असतात: मीठ कमी करा आणि गोळी चुकवू नका. दोन्ही बरोबरच आहेत. पण रक्तदाबाबरोबर हृदयविकारही असला की गोळी एक राहत नाही, पाच-सहा होतात आणि त्या बऱ्याचदा वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या असतात. सुटी पाहिली तर प्रत्येक गोळी योग्यच असते, घोळ होतो तो दोघी एकत्र आल्यावर. त्याबद्दल मात्र फारसे कोणी लिहीत नाही.

सुरुवात स्ट्रिपपासून करावी. मोठ्या अक्षरातले नाव कंपनीने ठेवलेले असते, औषधाचे खरे नाव त्याच्या आसपास बारीक अक्षरात असते. त्या बारीक नावाची शेपटी पाहा. ‘प्रिल’ (रॅमिप्रिल, एनालाप्रिल), ‘सार्टन’ (टेल्मिसार्टन, लोसार्टन), ‘लोल’ (मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल), ‘डिपिन’ (अ‍ॅम्लोडिपिन, सिलनिडिपिन). एकच शेपटी दोन स्ट्रिपांवर दिसली, तर एकाच जातीची औषधे दोनदा पोटात जात आहेत. संयुक्त गोळ्यांमुळे हे सहज होते. टेल्मिसार्टन ४० अधिक अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम अशी गोळी चालू असताना कोणी वेगळी अ‍ॅम्लोडिपिन ५ लिहिली की डोस १० होतो आणि घोटे सुजतात. सूज दिसली म्हणून लघवीची गोळी सुरू होते. पण ही सूज अंगात पाणी साठल्याची नसते, बारीक रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपल्याची असते. त्या गोळीने ती फारशी उतरत नाही, वर सोडियम-पोटॅशियम मात्र बिघडू शकते.

‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ एकत्र देण्यात शहाणपण नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ऑनटार्गेट’ चाचणीत पंचवीस हजारांवर रुग्णांमध्ये रॅमिप्रिल आणि टेल्मिसार्टन यांची तुलना झाली. दोन्ही मिळून देऊन जादा फायदा दिसला नाही, उलट रक्तदाब फार खाली जाणे आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी वाढल्या.

‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’बरोबर स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम अंगात धरून ठेवणारी लघवीची गोळी), ही जोडी वेगळी. हृदयाचा पंप अशक्त झालेल्यांना तिचा खरा उपयोग होतो. १९९९ च्या ‘राल्स’ चाचणीत स्पायरोनोलॅक्टोनमुळे मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटले. त्यानंतर कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात या औषधाचा वापर झपाट्याने वाढला आणि त्याबरोबर रक्तातले पोटॅशियम चढून रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्याही वाढली. चाचणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट गाळत नसले की रक्तात वाढणारा घटक) २.५ मिलिग्रॅमच्या वर असलेले रुग्ण घेतलेच नव्हते आणि रक्ततपासणी ठरल्या वेळी होत होती. बाहेर गोळी पोहोचली, तपासणी मागे राहिली. आमच्या मते दोष जोडीचा नाही, देखरेखीचा आहे. गोळी सुरू केल्यावर एका आठवड्याने, पुन्हा चार आठवड्यांनी आणि पुढे ठरावीक अंतराने पोटॅशियम व क्रिएटिनिन पाहायलाच हवे. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावे. ५.५ च्या वर गेले तर डॉक्टर डोस कमी करतात, ६ च्या वर गेले तर औषध थांबवून तातडीने उपचार करतात. चढलेले पोटॅशियम बहुधा काही जाणवू देत नाही, एकदम हृदयाची लय बिघडवते. (नमुना घेताना रक्तपेशी फुटल्या तर आकडा खोटाच चढतो, म्हणून अनपेक्षित अहवाल आला तर नमुना लगेच पुन्हा द्यावा.) ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असते. ही जोडी घेणाऱ्याने ते वापरू नये.

आता नाडी. ‘लोल’ आणि डिल्टियाझेम किंवा व्हेरापॅमिल (रक्तदाबावरच्या ‘कॅल्शियम चॅनल ब्लॉकर’ गटातली औषधे), दोन्ही हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खाली जाणारा विद्युत संदेश मंदावतात. एकत्र घेतल्यास नाडी पन्नासच्या खाली जाऊ शकते, चक्कर येते, कधी संदेश मध्येच अडतो आणि माणूस कोसळतो. अ‍ॅम्लोडिपिनही त्याच ‘कॅल्शियम चॅनल ब्लॉकर’ गटातले, पण त्याचे काम मुख्यतः रक्तवाहिन्यांवर चालते, त्यामुळे ‘लोल’बरोबर ते सर्रास आणि योग्य रीतीने दिले जाते. नुसते गटाचे नाव वाचून घाबरू नये, ते यासाठीच.

इथे एक शेपटी हमखास नजरेतून सुटते: काचबिंदूचे टिमोलोल. डोळ्यात घातलेला थेंब अश्रूनलिकेतून नाकात उतरतो आणि तिथून थेट रक्तात जातो. मेटोप्रोलोल चालू असलेल्याची नाडी तेवढ्यानेही मंदावू शकते. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरला, तर बरेच औषध डोळ्यातच राहते. हृदयाच्या डॉक्टरांना औषधे सांगताना या बाटलीचे नाव बहुतेक जण सांगत नाहीत, कारण थेंबांना कोणी ‘औषधात’ धरत नाही.

सर्वांत जास्त नुकसान मात्र चिठ्ठीविना घेतलेल्या वेदनाशामकाने होते. मूत्रपिंडाच्या गाळणीला रक्त आणणारी वाहिनी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आवळतात. ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ बाहेर नेणारी वाहिनी सैल करते. लघवीच्या गोळीने अंगातले पाणी आधीच कमी झालेले असते. आवक घटली, जावक मोकळी, पाणीही कमी, मग गाळणीत दाब उरत नाही आणि मूत्रपिंड काही दिवसांत बसू शकते. जुलाब-उलट्या सुरू असतील तर आणखी लवकर. अशा वेळी लघवीची गोळी आणि ‘प्रिल’ वा ‘सार्टन’ तात्पुरती थांबवायची का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारावे. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल बरे. हृदयासाठी रोज कमी डोसची अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्याने आयबुप्रोफेन आधी घेतले, तर अ‍ॅस्पिरिनला प्लेटलेटवर (रक्ताची गुठळी करणाऱ्या पेशींवर) बसायला जागाच मिळत नाही.

कोलेस्टेरॉलवरचे सिमव्हास्टॅटिन अ‍ॅम्लोडिपिनबरोबर २० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, स्नायूंना इजा होऊ शकते. छातीतल्या कळेवरचे नायट्रेट घेणाऱ्याने सिल्डेनाफिल (टॅडालाफिलसारखीच लैंगिक दुर्बलतेवरची गोळी) घेतलेच, तर पुढचे २४ तास नायट्रेट चालत नाही, टॅडालाफिलनंतर ४८ तास. छातीत दुखून रुग्णालयात गेल्यावर संकोचाने ही गोष्ट लपवली आणि नायट्रेट दिले गेले, तर रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो.

हे वाचून कोणी आपल्या मनाने गोळी बंद करू नये. ‘लोल’ एकदम थांबवले तर छातीतली कळ परत येते, झटकाही येऊ शकतो. रक्तदाबावरचे क्लोनिडिन एकदम तोडले तर रक्तदाब उसळतो आणि बरोबर ‘लोल’ चालू असेल तर जास्तच उसळतो. म्हणून डॉक्टर दोन्ही बंद करतात तेव्हा ‘लोल’ आधी हळूहळू कमी करून थांबवतात आणि क्लोनिडिनला काही दिवसांनी हात लावतात.

आपले,
औषधशास्त्रातील काही वाचक