कक्षा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधील चुकांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

विषय: पृथ्वी-चंद्र लॅग्रांज बिंदूंच्या विभागातील सदोष चित्रण, दुरुस्ती किंवा परतावा मिळण्याबाबत.

महोदय,

शाळेच्या खगोल मंडळासाठी मी आपल्या सॉफ्टवेअरचा वार्षिक परवाना घेतला. ‘खऱ्या गणितावर आधारित’ हे जाहिरातीतले शब्द वाचून घेतला. नुसती रंगीत चित्रे यूट्यूबवर फुकट मिळतात. लॅग्रांज बिंदू म्हणजे पृथ्वी आणि चंद्राच्या ओढीचा असा तोल साधणाऱ्या जागा, की तिथले यान त्या दोघांच्या सोबतीने फिरत राहते. नेमक्या त्याच विभागात आपले चित्रण चुकते.

आता चीनच्या क्वेकियाओचे पाहा. त्यांचे चांग-ई ४ हे यान जानेवारी २०१९ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूला उतरले. तिथून पृथ्वी कधीच दिसत नाही, म्हणून संदेश पोचवायला हा उपग्रह २०१८ मध्येच चंद्रापलीकडे सुमारे ६५,००० किमीवरच्या एल२ या लॅग्रांज बिंदूकडे धाडला होता. तो नेमका बिंदूवर ठेवला तर मध्ये चंद्र येतो. त्यासाठी तर बिंदूभोवतीची ऐसपैस प्रभामंडल कक्षा निवडली! आपण मात्र त्याला बिंदूवरच खिळवले आहे. मी कॅमेरा उपग्रहामागे नेऊन पृथ्वीकडे वळवला, तर समोर फक्त चंद्राची करडी तबकडी, पृथ्वीचा पत्ता नाही. आणि खालच्या पट्टीत हिरव्या अक्षरांत ‘पृथ्वीशी संपर्क: सुरू’.

नासाच्या कॅपस्टोनची गत निराळी. नोव्हेंबर २०२२ मध्ये चंद्राभोवतीच्या कक्षेत पोचलेले हे जेमतेम २५ किलोचे यान साडेसहा दिवसांत एक फेरी घेते. चंद्राच्या एका ध्रुवाजवळ ते सुमारे १,६०० किमीपर्यंत येते, दुसऱ्या टोकाला ७०,००० किमी लांब जाते. म्हणजे जवळून सुसाट जायला हवे आणि लांब गेल्यावर रेंगाळायला हवे. आपल्याकडे ते बागेतल्या झुकझुक गाडीसारखे एकाच चालीने फिरते. ‘सर, गुरुत्वाकर्षण बंद केलंय का?’ हा नववीतल्या मुलीचा प्रश्न आपल्यापर्यंत पोचवतो.

मूळ दुखणे संदर्भचौकटीचे, म्हणजे आपण कशाला स्थिर धरून पाहतो त्याचे आहे. चंद्राबरोबर फिरणाऱ्या चौकटीतून पाहिले तरच या कक्षा वेटोळ्यासारख्या दिसतात. ताऱ्यांच्या स्थिर चौकटीत तोच मार्ग चंद्राच्या सोबतीने पृथ्वीभोवती नागमोडी जातो. हा फरक डोळ्यांनी दाखवता यावा, एवढ्यासाठी मी पैसे मोजले. ‘फिरती चौकट’ असे बटण आहे खरे, पण ते दाबले की मागचे तारे तेवढे गरगरतात, कक्षा जशीच्या तशी.

आदित्य-एल१ मात्र आपण चोख दाखवता, सूर्य-पृथ्वीच्या एल१ बिंदूभोवतीच्या सुमारे १७८ दिवसांच्या फेरीसकट. म्हणजे गणित येते. चंद्राच्या विभागात अंगचोरी झाली आहे.

आपल्या मदत कक्षाने ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर अपडेट करायला सांगितले. केला. चंद्र जरा उजळ दिसू लागला.

हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत दुरुस्त आवृत्ती द्यावी, अन्यथा पूर्ण रक्कम परत करावी. तसे न झाल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागावी लागेल. पावती आणि स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

आपला,
खगोल मंडळ प्रमुख