सूचना : रविवारच्या बैठकीसाठी वाचन
सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारच्या बैठकीत कुरुंदवाड येथे जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांच्या अतिनवताऱ्यांवरील (सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड स्फोटांवरील) संशोधनाची चर्चा होईल. गॅमा किरणांच्या स्फोटाशी संबंध जोडल्या गेलेल्या '१९९८ बीडब्ल्यू' या अतिनवताऱ्याच्या रेडिओ उत्सर्जनावरील त्यांचा व सहकाऱ्यांचा शोधनिबंध अवश्य वाचून यावा. तो आटोपशीर आहे, पण सोपा नाही. त्यांच्या नेतृत्वाखालील कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेतील आकाश-सर्वेक्षणाने २०११ साली एम १०१ दीर्घिकेतील अतिनवतारा स्फोटानंतर काही तासांतच टिपला होता, आणि त्याच वेधशाळेतील पुढील झ्विकी आकाश-सर्वेक्षणात आढळलेल्या अशा घटनांच्या पाठपुराव्यात लडाखमधील हानले येथील ७० सेंटिमीटरची दुर्बीणही सहभागी असल्याने या भागाला अधिक वेळ दिला जाईल. निबंधाच्या प्रती चिटणीसांकडे मिळतील.