कर्झनच्या घरी जाऊन आले

डर्बी, रविवार रात्र

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला गेले की आई मध्येच फोन घेऊन 'जेवलीस का' विचारते आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हा कागद. चष्मा लावून सावकाश वाचा.

तुम्ही ज्याचं नाव काढलं की आवाज चढवायचात, त्या लॉर्ड कर्झनचं घर माझ्या खोलीपासून मोटारीने जेमतेम वीस मिनिटांवर आहे. दीड वर्ष इथे राहते आहे आणि मला पत्ता नव्हता! ऑफिसातली एक मैत्रीण 'केडलस्टनला येतेस का' म्हणाली. बाग बघू, चहा पिऊ, परत येऊ, एवढ्याच तयारीने गेले. दारातली पाटी वाचली आणि तुमचा दहावीचा वर्ग डोळ्यांसमोर आला. गोखल्यांनी 1905 साली बनारस काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून सांगितलं होतं ना, की या कारभाराला जोड शोधायची तर औरंगजेबापर्यंत मागे जावं लागेल. ते वाक्य म्हणताना तुम्ही डस्टर टेबलावर आपटायचात.

कर्झन मंडळी इथे बाराव्या शतकापासून आहेत. घराण्याचं ब्रीद असं, की 'कर्झनांनी धरलं ते कर्झनांनी राखावं'. आपल्याकडे भाऊबंदकीत हेच वाक्य कोर्टात म्हणतात, इथे ते अभिमानाने मिरवतात. आताचं घर मात्र तितकं जुनं नाही. 1758 मध्ये नॅथॅनियल कर्झन नावाच्या मालकाच्या हातात इस्टेट आली आणि त्याने बापजाद्यांचं चांगलं धडधाकट विटांचं घर पाडून नवं काढलं. आधी दोन वास्तुविशारद झाले, मग रॉबर्ट ॲडम नावाचा तरुण आला आणि त्याने सगळं आपल्या हाती घेतलं. घरासमोरचा देखावा मोकळा हवा म्हणून तिथलं गावच उठवून थोडं लांब वसवलं. जुनं चर्च तेवढं राहिलं, ते आज घराला अगदी खेटून उभं आहे. धरणग्रस्तांसारखे देखावाग्रस्त!

आत शिरल्यावर मोठा दिवाणखाना लागतो. वीस खांब, प्रत्येक पंचवीस फुटांचा, फिकट गुलाबी-तपकिरी शिरांचा दगड. ॲलाबास्टर म्हणतात त्याला, जवळपासच्याच खाणीतला. मी हळूच हात लावायला गेले तर राखणदार आजोबा नुसते खाकरले. गंमत अशी की या खोल्यांत कुणी राहतच नव्हतं. हा सगळा मधला भाग पाहुण्यांना दाखवायला. कुटुंब राहायचं बाजूच्या एका इमारतीत, स्वयंपाकघर दुसऱ्या बाजूच्या इमारतीत. म्हणजे जेवण किती लांबून येत असेल बघा, आजी असती तर पहिल्याच दिवशी भांडी आपटली असती. इंग्रजी शब्दकोश करणारा डॉक्टर जॉन्सन 1777 मध्ये इथे येऊन गेला आणि म्हणाला, नगरभवन म्हणून हे उत्तम चालेल, खांबांच्या खोलीत न्यायाधीश बसवा. मला तो माणूस लगेच आवडला. त्याला घर दाखवणारी गार्नेट बाई इथली हाऊसकीपर. तिचं तैलचित्र लावलंय, हातात घराची छापील यादी. मालकांच्या इतक्या चित्रांत मला ओळखीचा वाटला तो तिचाच चेहरा.

आता तुमच्या कामाची गोष्ट. नकाशात मधल्या घराला चार कोपऱ्यांवर चार इमारती होत्या. बांधल्या गेल्या दोनच. आणि चारही बांधल्या गेल्या कुठे, तर कलकत्त्यात! गव्हर्नर जनरल वेलस्लीने गव्हर्नमेंट हाऊस बांधलं, पुढे जे राजभवन झालं, ते याच घराच्या नकाशावरून. ते 1803 मध्ये पुरं झालं. हो, असईच्या लढाईचंच साल. तिकडे त्याचा धाकटा भाऊ आपल्या भोकरदनच्या बाजूला शिंद्यांशी लढत होता, इकडे थोरला वाडा सजवत होता. खर्चाचा आकडा पाहून कंपनीचे संचालक खवळले होते. आणि मग या घरात जन्मलेला जॉर्ज कर्झन 1899 मध्ये व्हाइसरॉय होऊन कलकत्त्याला उतरला तो थेट आपल्याच घराच्या नकलेत राहायला. इथे अर्धवट राहिलेलं घर त्याला तिथे पुरं मिळालं, आपल्या पैशाने. ती पाटी वाचून मी एकटीच मोठ्याने हसले, मैत्रीण बघत राहिली.

तळमजल्यावर त्याने आपल्याकडून आणलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे. हस्तिदंत, चांदी, शस्त्रं, मानपत्रांच्या पेट्या. किती नजराणे आणि किती विकत, हे मनातल्या मनात मोजत फिरले. तिथे थांबावंसं वाटलं नाही. (1904 चा प्राचीन वास्तूंचा कायदा त्याचाच, हे श्रेय तुम्ही त्याला नेहमी द्यायचात, तेही आठवलं.)

थांबले ते त्याच्या बायकोच्या झग्यापाशी. ती मेरी, शिकागोच्या श्रीमंत व्यापाऱ्याची मुलगी. 1903 च्या दिल्ली दरबाराच्या वेळी नाचाला तिने हा मोरपिसांचा झगा घातला होता. कापड आपल्याकडच्या जरीकाम करणाऱ्यांनी भरलं आणि शिवलं पॅरिसला, वर्थच्या दुकानात. अंगभर एकावर एक मोरपिसं, आणि प्रत्येक पिसाचा डोळा हिरवा चमकतो. मला पाचूच वाटले. काचेला नाक लावून पाहिलं तर ती भुंग्याच्या पंखांची टरफलं! सव्वाशे वर्षांत जर काळवंडली, पण त्या किड्यांचा रंग काल काढल्यासारखा. भरणाऱ्यांनी किती रात्री दिव्याजवळ डोळे फोडले असतील.

ती 1906 मध्ये गेली, छत्तिसाव्या वर्षी. चर्चमध्ये तिची पांढरी संगमरवरी मूर्ती आहे, शेजारी त्याची. मुली तीन, मुलगा नाही, म्हणून 1925 मध्ये तो गेल्यावर त्याची सर्वांत मोठी पदवी त्याच्याबरोबरच संपली आणि घर पुतण्याकडे गेलं. पुढे वारसा कराचं ओझं झेपेना. 1987 पासून घर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे, घराण्यातली माणसं अजून एका भागात राहतात. बाकीच्यात आमच्यासारखे तिकीट काढून हिंडतात.

मोतीबिंदूची तारीख ठरली का? ठरली की लगेच कळवा, मी रजा टाकते. आजीला सांगा, तिच्या पैठणीची घडी एकदा मोडून उलटी घालून ठेव. पदरावरच्या मोरांची जर घडीवर चिरते, मागच्या वेळी पाहिलं होतं मी.

तुमची,
चिमी