अहिराणीच्या चार ओळी तपासायला देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात कोईमतूरच्या एका सूतगिरणीला गाठींच्या वजनाबद्दल मी इंग्रजीत पत्र लिहिले, कोणाकडूनही तपासून न घेता पाठवले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचे उत्तर आले. तिकडे हिंदी चालत नाही, त्यामुळे आजवर असे प्रत्येक पत्र मी कोणाच्या तरी मिनतवाऱ्या करून लिहून घेत असे. उत्तरात फक्त वजनाविषयी लिहिले होते, म्हणजे माझे म्हणणे त्यांना नीट कळले होते. बाहेर १७० किलोच्या गाठी ट्रकवर चढत होत्या आणि मी जिनिंगच्या ऑफिसात डोळे पुसत बसलो होतो. डोळ्यांत कापसाची धूळ गेली असेल असे समजून मुकादमाने पाणी आणून दिले. तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू होत असे; पहिलीपासून ते २००० साली आले, तोवर माझी शाळा संपली होती. चार रेघी वहीत अक्षरे घोटून घोटून माझे वळण सुरेख झाले, परंतु त्या अक्षरांनी स्वतःच्या मनातले एखादे वाक्य लिहायचे असते, हे कोणी सांगितले नाही. मी 'आय गोज' लिहिले, तेव्हा एका सरांनी माझी वही वर्गभर फिरवली आणि अहिराणी बोलणाऱ्यांना इंग्रजी कसली येणार, असे म्हणून सर्वांना हसवले. हेच गृहस्थ बहिणाबाईंच्या पुण्यतिथीला गावच्या बोलीच्या गोडव्यावर तासभर बोलत. पुढे तिशीत, तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी शिकवणाऱ्या एका क्लासची फी भरली. तिथे विमानतळावर बोलायची वाक्ये पाठ झाली, पण अमळनेरहून उशिरा निघालेला ट्रक किंवा कापसातला ओलावा त्यांत कुठेच नव्हता.

तुमच्याकडे आलो तेव्हा मी पहिल्या दिवशी वही पिशवीतून बाहेरच काढली नाही. तुम्ही आग्रह केला नाही. तुम्ही स्वतःची वही उघडलीत, कोकणातून इकडे येऊन तुम्हाला वर्षच झाले असताना तीत अहिराणीच्या चार ओळी लिहिल्यात, आणि पेन माझ्या हातात देऊन म्हणालात, "तपासा." पहिली ओळ होती, 'मी बजारमा जातो.' हसू आवरत मी 'जातो' खोडून 'जास' केले. तुम्ही ती दुरुस्त ओळ तीन वेळा लिहून काढलीत, अगदी पोरासोरांसारखी, आणि मग विचारलेत की 'तो जातो' कसे म्हणता. 'तो जास', मी म्हणालो. 'मी'लाही 'जास' आणि 'तो'लाही 'जास', हे त्या क्षणापर्यंत माझ्याही लक्षात आले नव्हते. माझा 'आय गोज' कुठून आला ते तेव्हा दोघांनाही कळले. तो 'स' माझ्या जिभेवर लहानपणापासून होताच, इंग्रजीत तो 'मी'वरून काढून 'तो'वर ठेवायचा, एवढेच काय ते काम होते. ज्या चुकीसाठी वर्गभर हसे झाले, तिला कारण होते, आणि ते कारण माझ्या आईच्या भाषेत होते!

त्यानंतरचे बरेचसे कष्टाचेच होते, त्याचा पाढा वाचत नाही. क्रियापद शेवटी ठेवण्याची खोड अजूनही लिहिताना आडवी येते. 'अ' आणि 'द' मात्र तुम्ही 'एक होता राजा, त्या राजाला दोन राण्या' एवढ्यावर समजावलेत. पहिल्यांदा भेटतो तो 'एक', ओळख झाली की 'तो'. आता मी 'अ ट्रक' लिहितो आणि पुढच्या वाक्यात 'द ट्रक', आणि दर वेळी मनात तो राजा येतो.

शिकवणारे पुष्कळ भेटतात, पण शिकणाऱ्यासमोर आपण आधी चुकून दाखवावे, असे किती जणांना सुचते? चाळिशी उलटलेल्या माणसाला पाचवीतल्या पोराच्या जागी बसायची लाज किती जड असते, हे तुम्ही न विचारता ओळखलेत. आमच्याकडे शेजारीण पीठ उसने मागायला येते तेव्हा तिने तोंड उघडण्याआधीच घरातली बाई वाटी पुढे करते, त्याच जातीचा हा समजूतदारपणा आहे.

एक कबुली राहिली आहे. तुमच्या वहीतली चौथी ओळ होती, 'मला भूक लागली.' मी 'मला'चे 'माले' केले आणि वही परत दिली. पहिल्याच दिवशी बाईंच्या किती चुका काढायच्या, या संकोचाने 'लागली' तशीच सोडली. ते 'लागनी' हवे. तीन वेळा लिहून ठेवा, रविवारी येऊन तपासतो.

आपला कृतज्ञ विद्यार्थी,
जिनिंगमधला कारकून