हरलेल्याचं पुढं काय झालं?

मा. संपादक,
स. न.

आपल्या दैनिकाच्या स्पर्धा परीक्षेच्या पानावर दर बुधवारी इंग्रजी समानार्थी शब्दांची चौकट येते. गेल्या बुधवारी त्यात ओव्हरकम, डिफीट, कॉन्कर, व्हॅन्क्विश, सबड्यू, सरमाउंट, सबजुगेट असे सात शब्द होते आणि सातांपुढं मिळून एकच अर्थ होता : जिंकणे, मात करणे. आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत पोरं अभ्यासिका चालवतात. तलाठी भरती, पोलीस भरती, जिल्हा परिषद, सगळ्यांची तयारी तिथंच चालते. त्यांनी ती चौकट कापून भिंतीवर चिकटवली आहे. तीस वर्षं इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले आणि आता संध्याकाळी तासभर त्या पोरांसोबत बसते. ते कात्रण रोज डोळ्यांसमोर येतं, म्हणून हे पत्र.

या सातांतला एक शब्द मला पूर्वी एकदा आडवा आला होता. आठवीच्या वर्गाला 'माझी आई' या विषयावर इंग्रजीत दहा ओळी लिहायला दिल्या होत्या. एका मुलीनं लिहिलं होतं, 'माय मदर कॉन्कर्ड माय फादर्स डेथ.' तिचे वडील आदल्या वर्षी गेले होते. पाठांतराच्या वहीत तिनं कॉन्कर म्हणजे मात करणे असं उतरवून घेतलं होतं, तेच तिनं इमानदारीनं वापरलं. मी 'कॉन्कर्ड' खोडून वर 'ओव्हरकेम हर ग्रीफ' लिहिलं आणि तिला जवळ बोलावून अर्थ सांगितला, की तुझी आई त्या दुःखातून बाहेर आली. ती मान हलवून म्हणाली, "नाही मॅडम, माय बाहेर नाही आली. रोज रातच्याले रडते. पन सकाळी वावरात जाते."

मी तिच्या वहीकडं बघत राहिले. तिचा शब्द चुकलाच होता, पण माझा तरी कुठं बरोबर होता? मृत्यू कोणी कॉन्कर करत नाही. आणि ओव्हरकम हा शब्द तर दोन्हीकडून चालतो. माणसानं दुःखाला ओव्हरकम केलं, तर माणूस त्यातून पार पडला. 'शी वॉज ओव्हरकम विथ ग्रीफ' म्हटलं, की दुःखानंच तिला गाठून खाली बसवलं. त्या बाईचं दोन्ही चालू होतं, रात्री एक आणि सकाळी दुसरं. शेवटी यादीतला एकही शब्द न घेता आम्ही दोघींनी तिचंच वाक्य इंग्रजीत मांडलं, 'शी क्राइज ॲट नाइट, बट शी गोज टू द फील्ड इन द मॉर्निंग.' त्याला मी पूर्ण गुण दिले.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी मुलांना असल्या शब्दांपुढं एक प्रश्न विचारायला लावला : हरलेल्याचं पुढं काय झालं? जिंकणाऱ्याकडं बघितलं की सातही शब्द सारखे दिसतात. हरलेल्याकडं बघा, ते लगेच वेगळे होतात.

डिफीट झालेला पुन्हा येऊ शकतो. नेपोलियन १८१४ मध्ये हरला, एल्बा बेटावर गेला आणि पुढच्याच वर्षी फौज घेऊन परत उभा राहिला. मग १८ जून १८१५ ला वॉटर्लू झालं. आमच्या पोरांना मी कापसाचं उदाहरण देते. बोंडअळी मरावी म्हणून बनवलेला बीटी कापूस २००२ मध्ये आला तेव्हा सगळे म्हणाले, अळी हरली. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं आमच्या भागातली बोंडं आतून पोखरली, वरून हिरवं बोंड आणि फोडलं की आत सरकी खाल्लेली. म्हणजे अळीचा डिफीट झाला होता, ती व्हॅन्क्विश झाली नव्हती. व्हॅन्क्विश म्हणजे पार निकाल लागणं, पुन्हा डोकं वर काढायची सोय न उरणं. देवी रोगाला तो शब्द शोभतो, कारण १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तो रोग जगातून गेल्याचं जाहीर केलं. बोंडअळीबद्दल मात्र शास्त्रज्ञांच्या इंग्रजीत उलटंच वाक्य येतं. तिथं अळीनं बीटीला ओव्हरकम केलेलं असतं. एकाच वावरात हे तीन शब्द तीन जागी बसतात.

कॉन्करमध्ये घेणं आहे, मालकी आहे. ज्या लॅटिन शब्दातून तो आला त्याचा अर्थ शोधणं, मिळवणं असा आहे. शाळेची सहल चिखलदऱ्याला नेली होती तेव्हा गाविलगडाच्या दरवाजाशी बसून मी मुलांना हे समजावलं होतं. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेनं हा किल्ला हल्ला करून घेतला. वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच माणूस. पण दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला, त्यात वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाड नागपूरकर भोसल्यांच्या हातून गेला, आणि गाविलगड व नरनाळा मात्र त्यांच्याकडंच राहिले. मग गाविलगड कॉन्कर झाला का? नाही, तो कॅप्चर झाला. एका मुलानं तिथं विचारलं, "मंग एव्हरेस्ट कसा कॉन्कर केला म्हंतेत?" १९५३ मध्ये हिलरी आणि तेनसिंग वर गेले तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांनी खरंच तो शब्द वापरला होता. पण शिखर कोणाचं झालं नाही. आपल्या मराठीत 'एव्हरेस्ट सर केला' म्हणतात, तेच मला नेमकं वाटतं.

सरमाउंट त्याच रस्त्यावर कळतो. एसटी घाट चढून वर आली, घाट मागं जागच्या जागी राहिला. अडचण हटली नाही, आपण तिच्यावरून गेलो. त्या शब्दातला माउंट म्हणजे चढणंच आहे.

सबड्यू आणि सबजुगेट मात्र आमच्या मुलांना माझ्याहून चांगले कळतात. गोऱ्ह्याला वेसण घातली, वखराला धरून फिरवला, तो वठणीवर आला, हे सबड्यू. त्याची ताकद गेलेली नसते, ती दाबात असते. सबजुगेटमध्ये तर सरळ जूच आहे. लॅटिनमध्ये सब म्हणजे खाली आणि जुगुम म्हणजे जू. आपलं जू, संस्कृतातलं युग, इंग्रजीतलं योक आणि हे जुगुम एकाच मुळातून निघाले आहेत. जुन्या रोमच्या काळात हरलेल्या सैनिकांना भाल्यांचं जू करून त्याखालून वाकत जायला लावत. हे सांगितलं तेव्हा वर्गात मागं बसणारा, इंग्रजीला हातही न लावणारा एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, म्हनून पोयाच्या आदल्या दिवशी खांद शेकतेत." बैलाच्या खांद्यावर हळद-लोणी चोळताना जुवाचा घट्टा त्यानं हातानं चाचपलेला होता. तो शब्द तो विसरणार नाही.

पोरं मला म्हणतात, मॅडम, पेपरात चार पर्याय येतात, तेवढा गोल काळा केला की झालं. पण अलीकडं प्रश्नात पूर्ण वाक्य देऊन रिकामी जागा ठेवतात, आणि चारपैकी दोन पर्याय जवळजवळचे असतात. 'प्रिव्हेल ओव्हर' म्हणजे वरचढ ठरणं आणि 'प्रिव्हेल अपॉन' म्हणजे एखाद्याचं मन वळवणं, हे माहीत नसलं की एका गुणानं यादीबाहेर राहावं लागतं. एका गुणापायी पुन्हा दोन वर्षं अभ्यासिकेत काढणारी पोरं मी बघते. शहरातल्या क्लासची फी त्यांच्या घरच्यांना झेपत नाही. त्यांचा क्लास म्हणजे आपलं बुधवारचं पान आहे.

माझी विनंती एवढीच की चौकटीत सात शब्दांऐवजी तीनच द्या, पण प्रत्येकापुढं एक वाक्य छापा, शक्यतो इथल्या शेतातलं, बाजारातलं, घरातलं. जागा तेवढीच लागेल. वाक्यं सुचवायला माणूस हवं असेल तर मी महिन्याची वाक्यं पोस्टानं पाठवीन, मानधन नको. आमच्या भिंतीवरच्या कात्रणात पोरांनी सबजुगेटपुढचं 'जिंकणे' खोडून पेननं 'जू' लिहिलं आहे. बाकीच्या सहा शब्दांचं काम सुरू आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. दारव्हा, जि. यवतमाळ