भुलीचा मास्क निवडताना हाताचाही विचार व्हावा

संपादक महोदय,

भूलशास्त्रातल्या प्रगतीवरचा आपल्या पुरवणीतला लेख आवडला. औषधं, मॉनिटर, व्हेंटिलेटर या सगळ्यांची त्यात दखल होती. मास्क तेवढा राहून गेला. मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणून त्याच्या बाजूने थोडं लिहितो.

१८४६ मध्ये बोस्टनला दंतवैद्य मॉर्टन यांनी ईथरची भूल दिली ती काचेच्या गोळ्यातून, तोंडात नळी धरायला देऊन. रुग्णाने ओठ आवळून श्वास घ्यायचा, आणि शुद्ध हरपू लागली की नेमके ओठच सैल पडणार! पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये डॉक्टर सिब्सन यांनी नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क केला आणि तिथलेच डॉक्टर जॉन स्नो यांनी त्यात सुधारणा केल्या. नंतर काळ्या रबराचे मास्क आले. ईथर आणि सायक्लोप्रोपेन हा भुलीचा वायू, दोन्ही पेट घेणारे, म्हणून स्थिर विजेची ठिणगी पडू नये यासाठी त्या रबरात कार्बन मिसळत. पण त्याखाली ओठ निळे पडले की उलटी झाली, काहीच दिसायचं नाही. आजच्या पारदर्शक प्लास्टिकमध्ये ते लगेच दिसतं, श्वासाची वाफसुद्धा.

खरी कसोटी लहान मुलांची. तीन किलोच्या बाळाचा एक श्वास जेमतेम २० मिलीलीटर. मास्कमध्ये मोकळी जागा जास्त असेल, तर सोडलेलीच हवा पुन्हा आत जाते. म्हणून रेंडेल-बेकर आणि सुसेक या दोघांनी १९६२ मध्ये मुलांच्या चेहऱ्याचे साचे घेऊन अगदी चपखल, उथळ मास्क घडवला. विचार बिनतोड होता. तरीही आज बहुतेक ठिकाणी फुगीर, मऊ गादीचे मास्कच वापरले जातात. कारण साचेबंद मास्क जरा सरकला की गळायला लागतो, गादीचा मास्क तेवढं सांभाळून घेतो. सराईत नसलेल्या हातात हा फरक फार मोठा असतो, आणि माझ्या मते हा मुद्दा आजही पुरेसा ध्यानात घेतला जात नाही.

कारण मास्क कोणीतरी धरायचा असतो. अंगठा आणि तर्जनीने तो टेकवायचा, उरलेल्या तीन बोटांनी जबडा वर उचलायचा, तेही एकाच हाताने. दुसरा हात बॅगवर, म्हणजे जी दाबून रुग्णाला श्वास देतात त्या पिशवीवर. मास्कचा घुमट उंच आणि रुंद असला की लहान हाताची बोटं जबड्यापर्यंत पोचतच नाहीत. मग मास्क नुसता खाली दाबला जातो आणि श्वासमार्ग उलट बंद होतो. दाढी असलेला किंवा दात नसल्याने गाल बसलेला रुग्ण असेल तर विचारूच नका. गळती झाली की भुलीआधी द्यायच्या ऑक्सिजनमध्ये बाहेरची हवा मिसळते आणि भुलीचा वायू खोलीतल्या माणसांच्या नाकात जातो. मुलांच्या मास्कला स्ट्रॉबेरीचा वास लावायचं उत्पादकांना बरं सुचलं. घुमट बुटका करायचं मात्र फारसं कुणाला सुचत नाही.

रुग्णालयांची खरेदी करणाऱ्यांना विनंती एवढीच की एकाच बनावटीचे मास्क घाऊक उचलू नयेत. नमुने मागवावेत, सर्व मापं शस्त्रक्रियागृहात हाताशी असावीत आणि निवडीच्या वेळी त्या विभागातल्या सर्वांत लहान हाताच्या डॉक्टरला ते धरून पाहायला द्यावेत.

आपला,
एक भूलतज्ज्ञ वाचक